मोहोराचे शाईचित्र : रत्नागिरीच्या मुलांसाठी एक धडा

पूर्व आशियातील शाईचित्रकलेत नवशिक्याच्या हाती जे विषय आधी दिले जातात, त्यांत मेइ, ऑर्किड, बांबू आणि शेवंती या चार वनस्पतींचा मान मोठा असून चीनमध्ये त्यांना ‘चार सज्जन’ म्हटले जाते. यांपैकी मेइ हा जर्दाळूच्या जवळचा वृक्ष थंडी सरण्याआधी, पान फुटण्याआधी, उघड्या फांदीवर फुलतो. त्यामुळे त्याचे चित्र काढणाऱ्याला पानांच्या गर्दीमागे लपता येत नाही आणि फांदीची प्रत्येक रेघ उघडी पडते. मुलांना फूल शिकवण्यासाठी हा विषय शतकानुशतके टिकला, त्याचे एक कारण या उघडेपणात आहे. रत्नागिरीत मेइ होत नाही. तरीही या परंपरेतील शिस्त इथल्या मुलांच्या हाती देता येते, मात्र त्यासाठी परक्या फुलाची नक्कल सोडून स्वतःच्या परसातील फांदीपासून सुरुवात करावी लागते.

मेइच्या शाईचित्राचा उगम चिनी परंपरा 11व्या-12व्या शतकांतील चुंगरन या बौद्ध भिक्षूशी जोडते. चांदण्या रात्री खिडकीच्या कागदावर पडलेली फांदीची सावली पाहून त्याला या चित्रप्रकाराची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे, कारण सावलीत रंग आणि बारकावे गळून पडतात व उरते ती केवळ फांदीची चाल. पुढे या ज्ञानाची रीतसर पाठ्यपुस्तके झाली. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ‘मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेची चित्रपोथी’ हिचा पहिला भाग 1679 मध्ये निघाला, तर मेइ, ऑर्किड, बांबू आणि शेवंती यांचे पाठ असलेले पुढचे भाग 1701 मध्ये आले. तिच्यात फूल एकदम काढून दाखवलेले नाही; आधी खोड व फांद्या, मग समोरून, बाजूने, पाठमोरे दिसणारे फूल, कळी, देठाजवळची निदले, असे एकेक फटकाऱ्याचे टप्पे केलेले आहेत.

या फटकाऱ्याचे तंत्र थोडे जवळून पाहायला हवे. ब्रशचे केस आधी पाण्यात भिजवून निथळतात, मग फिकी शाई पोटात आणि गडद शाई केवळ टोकाला घेतात; टोक कागदावर टेकवून दाबत नेले की एकाच फटकाऱ्यात गडदापासून फिक्यापर्यंतच्या छटा उमटतात. बाह्यरेषा न काढता थेट शाईच्या डागाने पाकळी घडवण्याच्या पद्धतीला ‘मोगू’, म्हणजे अस्थिहीन चित्रण, म्हणतात. कोरडा ब्रश भरभर ओढल्यावर रेघेच्या पोटात कागद पांढरा राहतो, त्याला ‘फेइपाय’, म्हणजे उडता पांढरा, असे नाव आहे, आणि जुन्या खोडाची खरखर त्यानेच दिसते. फांदी ओढताना जिथे फूल यायचे तिथे रेघ तोडून जागा आधीच सोडावी लागते. म्हणजे जे अजून काढलेले नाही, त्याचा विचार मुलाला अगोदर करावा लागतो. यात खोडरबराला स्थान नाही.

खोडरबराचा हा मुद्दा वाटतो तितका क्षुल्लक नाही. 1880 च्या दशकात जपानमध्ये शाळकरी मुलांना चित्रकला पाश्चात्त्य पद्धतीने पेन्सिलने शिकवावी की ब्रशने, यावर मोठा वाद झाला आणि ओकाकुरा काकुझो व अर्नेस्ट फेनोलोसा यांनी ब्रशची बाजू लावून धरली. हेच ओकाकुरा 1902 मध्ये कोलकात्यात ठाकूर कुटुंबाच्या सहवासात होते. त्यांच्या प्रेरणेने 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार तिथे आले आणि त्या कुटुंबातील चित्रकार अवनींद्रनाथांनी ताइकानचे काम पाहून पाण्याच्या थरांची ‘वॉश’ पद्धत घडवली. 1916 मध्ये आलेल्या अराई काम्पो यांनी ठाकूरांच्या जोडासाँकोच्या वाड्यात जपानी ब्रशकाम शिकवले आणि पुढे अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, म्हणजे हा ब्रश महाराष्ट्राच्या भूमीवरही चालला. चित्रकार नंदलाल बोस 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर चीन-जपानला जाऊन आले, आणि नंदलालांच्या हाताखाली रवींद्रनाथांच्या कलाभवनात शिकून तिथेच शिक्षक झालेले विनायक मासोजी हे मूळचे कोल्हापूरचे. एवढी जवळची नाती असूनही मराठी शाळेतील चित्रकलेच्या तासाला या ब्रशचा स्पर्श फारसा झाला नाही, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

त्याची कारणे शिक्षणव्यवस्थेच्या घडणीत आहेत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पसरलेली पद्धत इंग्लंडच्या साउथ केन्सिंग्टन कलाशाळेच्या वळणाची होती, म्हणजे पेन्सिलीने मोजून, तपासून, पुसून नेमकी बाह्यरेषा मिळवण्याची. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व नक्षीकाम, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन हे विषय पाहिले की त्या वळणाची ओळख पटते. या परीक्षांनी खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाताला निश्चितच शिस्त लावली आहे. रत्नागिरी जिल्ह्यात सावर्ड्याचे सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आणि देवरुखचे कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन यांसारख्या कलासंस्था उभ्या राहिल्या, त्यामागेही शाळेत रुजलेली चित्रकलेची ही गोडी आहे. पण फूल हे बादली किंवा तांब्यासारखे स्थिर नसते, आणि त्याच्यासाठी वेगळा हात लागतो.

कोकणात उघड्या फांदीवरच्या फुलांची उणीव नाही. थंडी सरता सरता काटेसावर निष्पर्ण होऊन जाड, मांसल, पाच पाकळ्यांच्या लाल फुलांनी भरते. शिमग्याच्या सुमारास पांगारा आणि पळस पेटतात. मेइचा पाठ जवळपास जसाच्या तसा बसतो तो काटेसावरीवर, कारण पाच पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका आणि खाली मोकळी, काटेरी फांदी ही तिन्ही ब्रशला सोपी जातात. चुंगरनची सावलीही इथे हाताशी आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात शाळेच्या चुना दिलेल्या जांभ्याच्या भिंतीवर पडलेली फांदीची सावली मुलांनी कोळशाने गिरवली, तर ब्रश हाती घेण्यापूर्वीच फांदी कुठे वळते आणि कुठे तुटते ते हाताला कळते.

खरी कसोटी मात्र हापूसच्या मोहोराची आहे. आंबा सदाहरित असल्यामुळे इथे उघडी फांदी मिळत नाही; काळ्याशार पानांच्या पुढे फिकट पोपटी-गुलाबी तुरा उभा राहतो. एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारोंनी फुले असतात, प्रत्येक फूल काही मिलिमीटरचे, बहुधा पाच पाकळ्यांचे, आणि त्यात परागधारी पुंकेसर बहुतेक वेळा एकच. नर व उभयलिंगी फुले एकाच तुऱ्यावर येतात. मुलाने यातले प्रत्येक फूल काढायला घेतले की चित्र मरते. म्हणून मधला तांबूस दांडा एका दमात ओढायचा, बाजूच्या काड्या टोकाकडे आखूड करत न्यायच्या, मागची फुले फिक्या शाईच्या ओल्या ठिपक्यांनी आणि पुढची थोडी गडद, कोरड्या टोकाने टिपायची, आणि पाने शेवटी, तुऱ्याच्या कडेचा पांढरा कागद राखून, रुंद ब्रशच्या एकेका फटकाऱ्यात घालायची. बागायतदारांच्या घरातील मुलांना भुरी पडलेला आणि तुडतुड्यांनी शोषलेला मोहोर ओळखता येतो; ती ओळख ठिपक्यांच्या दाट-विरळपणात आपोआप उतरते.

साहित्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. चिनी शाईची कांडी म्हणजे पाइनच्या किंवा तेलाच्या दिव्याची काजळी सरसात मळून वाळवलेली वडी. मराठी पोथ्यांची शाईही काजळी आणि डिंक यांचीच असे. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला असून त्यात अक्षराच्या घोटीवपणाबरोबर बोरूच्या निवडीचाही विचार आहे. चीनमध्ये लेखन आणि चित्र एकाच ब्रशने होत असल्याने अक्षर गिरवणारे मूल चित्राची तयारी करत असते; इथे ते काम बोरूने, आणि घराघरांत मोकळ्या हाताने रांगोळीची रेघ सोडणाऱ्या बोटांनी केले. कागद मात्र निवडून घ्यावा लागतो, कारण खळ दिलेल्या गुळगुळीत कागदावर शाई वर तरंगते, तर कच्च्या हातकागदावर ती लगेच पसरते आणि थांबलेल्या हाताची कबुली देते. पावसाळ्यातील दमट हवेत थर वाळता वाळत नाहीत, त्यामुळे हा पाठ पौष-माघात घेणेच सोयीचे, आणि मोहोरही तेव्हाच असतो.

मुलांनी जिच्या मोहोराचे चित्र काढले ती फांदी खुणेचा दोरा बांधून ठेवावी आणि फाल्गुनात पुन्हा काढावी. तोपर्यंत बहुतेक फुले गळून दांडा तपकिरी झालेला असतो, त्यावर वाटाण्याएवढी, पुढे सुपारीएवढी होणारी मोजकी फळे लटकत असतात, आणि पौषातल्या चित्रातील शेकडो ठिपक्यांच्या जागी या वेळी शाईचे दोन-तीन थेंब पुरतात.