किल्ली माझ्या पर्समध्ये होती!

गाडी थांबली की पुरुषमंडळी उतरून पुढे चालायला लागतात आणि मागे राहिलेली किल्ली, चष्मा, पाण्याची बाटली आपण गोळा करून पर्समध्ये टाकतो. ही सवय तुम्हा-आम्हा सगळ्याजणींची. पण याच सवयीपायी २०२३ च्या जूनमध्ये, परक्या मुलुखात, मी माझ्या धाकट्या बहिणीच्या गाडीचे दोन टायर घासून काढले. मोठा अपघात थोडक्यात टळला. मैत्रिणींनो, ती फजिती आज तुम्हाला सांगणार आहे. कारण त्यातून मी जे शिकले, ते आपल्याकडच्या रस्त्यावरही उपयोगी पडणारं आहे.

बहीण अमेरिकेत डेन्व्हरला असते. आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा मेहुण्यांनी बेत जाहीर केला, "ताई, या वेळी हॉटेलबिटेल नाही. घरच घेऊन जाऊ यलोस्टोनला!" घर म्हणजे मोटरहोम. पुढून ट्रकसारखं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग, आत शेगडी, फ्रीज, न्हाणीघर सगळं. मला तर ओटा बघूनच आनंद झाला. पोळ्या लाटत प्रवास करायचा!

या घराच्या मागे त्यांनी आपली छोटी मोटार जोडली. मला काही कळेना. एवढी मोठी गाडी असताना ही कशाला? तर मुक्कामाला पोचलं की मोटरहोम जागेवर उभं करायचं, पाण्याची नि विजेची जोडणी करायची आणि गावात किंवा जंगलात हिंडायला छोटी गाडी न्यायची. भाजी आणायला कोणी घर घेऊन जातं का? तिकडे या मागच्या गाडीला 'टोड' म्हणतात. टोड म्हणजे बेडूक, आणि ओढलेल्या गाडीला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा उच्चारही तसाच. म्हणून हा विनोद.

गाडी ओढून न्यायच्या तीन पद्धती मेहुण्यांनी सांगितल्या. एक, अख्खी गाडी ट्रेलरवर चढवायची. दुसरी, पुढची दोन चाकं छोट्या दुचाकी गाड्यावर ठेवायची आणि मागची दोन रस्त्यावर. तिसरी, चारही चाकं रस्त्यावर ठेवून पुढून लोखंडी दांड्यानं जोडायची. यांची तिसरी. जुनी, हातानं गिअर टाकायची गाडी त्यांनी मुद्दाम याच कामासाठी ठेवली होती. ती न्यूट्रलमध्ये टाकली की ओढता येते. बऱ्याचशा ऑटोमॅटिक गाड्या अशा ओढल्या तर त्यांचा गिअरबॉक्स खराब होतो. कुठली चालते, कुठली नाही, हे गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

पहिल्या दिवशी डेन्व्हरहून निघून वायोमिंग राज्यातल्या कॅस्परपर्यंत जायचं होतं, साधारण साडेचारशे किलोमीटर. वायोमिंगचा वारा प्रसिद्ध आहे म्हणे. झाड नाही, डोंगर नाही, नुसतं माळरान आणि सोसाट्याचा वारा. मेहुणे स्टिअरिंग सारखे डावी-उजवीकडे करत होते. शेजारून मोठा ट्रक गेला की आमचं घर आधी बाजूला ढकललं जाई आणि मग त्याच्याकडेच ओढलं जाई. मेहुण्यांचा चेहरा घामेजला. बहीण हळूच म्हणाली, "ताई, मागच्या वेळी एवढं नव्हतं गं."

मुक्कामाच्या जागी शेजारी एक आजी होत्या. सत्तरी ओलांडलेली, केस कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत बूट. नवरा गेल्यावरही त्या एकट्याच आपलं मोटरहोम घेऊन फिरत होत्या. मेहुण्यांनी स्टिअरिंगचं रडगाणं सांगितलं, तशा त्या उठल्या आणि आमच्या घराच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्यांचे खोके, तांदळाच्या पिशव्या, शेगडीची लाकडं, शेपटाला अडकवलेल्या चार सायकली! आजी हसल्या आणि बहिणीनं मला त्यांचं म्हणणं समजावून सांगितलं.

गोष्ट अगदी साधी होती. मोटरहोमचं बरंचसं अंग मागच्या चाकांच्याही मागे बाहेर आलेलं असतं. तिथे वजन टाकलं की पुढची बाजू हलकी होते. आपल्या हातगाडीच्या मागच्या टोकाला पोतं ठेवलं की पुढचं टोक वर उचलतं ना, तसंच. आणि स्टिअरिंग तर पुढच्या चाकांचं! तीच जमिनीवर नीट दाबून बसली नाहीत, तर ड्रायव्हर वळवणार काय? त्यात वारा आणि मागे जोडलेली गाडी. म्हणून जड सामान चाकांच्या मध्ये, खाली ठेवायचं. टायरमध्ये हवा अंदाजानं भरायची नाही, भरलेल्या गाडीचं वजन काट्यावर करून त्याप्रमाणे भरायची. आणि जोडायचा दांडा जवळपास आडवा, सपाट हवा. तो फार तिरका असेल, तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची गाडी पुढच्या गाडीवर चढू बघते.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बहिणींनी सगळं सामान पुन्हा लावलं. घर लावणं आपल्याला शिकवावं लागत नाही, पण फळीवर डबे लावताना वजनाचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

मग छोट्या गाडीतून गावात जाऊन दूध-भाजी आणली. सकाळी लवकर निघायचं म्हणून मेहुण्यांनी रात्रीच गाडी परत मागे जोडली. आणि इथेच मी घोळ घातला.

झोपण्यापूर्वी बाहेर फेरी मारताना बघते तर काय, छोट्या गाडीला किल्ली तशीच लावलेली! दारही उघडं. म्हटलं, विसरले वाटतं. परका मुलूख, कोणी गाडी घेऊन गेलं तर? मी किल्ली काढली, दार लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून शांत झोपले. उलट मनात आलं, बघा, माझं लक्ष आहे म्हणून बरं.

सकाळी मेहुण्यांनी दांड्याच्या खिळी तपासल्या, साखळ्या पाहिल्या, मागच्या गाडीचे दिवे लागतात का ते बहिणीला बघायला सांगितलं. किल्ली तर आपणच रात्री लावलीय, म्हणून आत कोणी डोकावलं नाही. निघालो. सरळ रस्त्यावर काहीच कळलं नाही. फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळलो आणि मागून असा काही कर्कश आवाज आला, की माझ्या हातातला चहा सांडला. घर जड झालं, जणू मागून कोणी धरून ठेवलंय. समोरच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून हातानं मागे बघा अशी खूण केली. मागच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर आमचा बेडूक वळतच नव्हता! बाजारात हट्ट धरून बसलेल्या पोराला आईनं फरपटत न्यावं, तशी गाडी आडवी घसटत येत होती आणि अर्धी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला गेलेली. तो ट्रक थांबला म्हणून वाचलो.

मेहुणे धावत मागे गेले. आत वाकून बघितलं आणि ओरडले, "किल्ली कुठाय?"

मी पर्स उघडली. तोंडातून शब्द फुटेना. आमचे हे नुसते माझ्याकडे बघत राहिले.

काय झालं होतं? गाडीची किल्ली काढली की चोरीपासून बचाव म्हणून स्टिअरिंगला कुलूप लागतं. तुम्ही स्कूटरचं हँडल लॉक करता, तसंच. गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत नसली, तरी वळणावर तिची पुढची चाकं मोकळेपणी वळायला हवीत. दांडा ज्या बाजूला खेचेल, त्या बाजूला ती आपोआप फिरतात. कुलूप लागलं की ती सरळच राहणार, मग वळणावर रबर घासणार नाही तर काय? म्हणून किल्ली लावून स्टिअरिंग सुटं ठेवावं लागतं आणि दाराला दुसऱ्या किल्लीनं कुलूप लावायचं. मी 'विसरलेली' समजले, ती किल्ली मुद्दाम ठेवलेली होती.

आवाज ऐकून त्या आजी चालत आल्या. पुढचे दोन्ही टायर एका बाजूनं सोलून निघाले होते. आजींनी मला एक शब्द लागू दिला नाही. बहिणीला म्हणाल्या, रोज निघताना एकीनं स्टिअरिंगवर बसायचं आणि दुसरीनं बाहेर उभं राहायचं. गाडी वीस-तीस फूट पुढे न्यायची, थोडं वळवायचं. मागची चारही चाकं फिरतात का, पुढची दोन वळतात का, हे डोळ्यांनी बघायचं. मगच रस्त्याला लागायचं. जाता जाता एक धडा आणखी दिला. मागे गाडी जोडलेली असताना चार-पाच फुटांपेक्षा जास्त रिव्हर्स घ्यायचा नाही. उलट ढकललं की मागच्या गाडीची चाकं एका बाजूला पूर्ण वळून अडकतात आणि दांडा वाकतो. पेट्रोल पंपावर शिरण्याआधीच बाहेर पडायची वाट बघून ठेवायची. अडकलात तर उतरा, गाडी सोडवा, मग वळवा. कंटाळा करायचा नाही.

आणि मागची गाडी लटपटायला लागली तर? घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ, घट्ट धरायचं, वेग आपोआप कमी होऊ द्यायचा आणि कडेला थांबून टायर, खिळी, किल्ली सगळं बघायचं.

नवे टायर घालून आम्ही पुढे गेलो. यलोस्टोन पाहिलं, ओल्ड फेथफुलचं गरम पाण्याचं कारंजं पाहिलं. रोज सकाळी बाहेर उभं राहून चाकं बघायचं काम मात्र मी मागून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे आलीत अशी चाकांवरची घरं? पण उसाचा हंगाम येतोच ना! आमच्या तालुक्यात एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडून ऊस जातो. चढावर मागच्या ओझ्यानं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली तुम्ही पाहिली असतील. आजींनी सांगितलेलीच ती हातगाडी. त्या क्षणी ड्रायव्हरच्या हातात स्टिअरिंग असून नसल्यासारखं. तेव्हा स्कूटीवरून जाताना चढावर अशा ट्रॉलीच्या मागे चिकटून राहू नका आणि वळणावर तिच्या शेजारून घुसू नका. मागची ट्रॉली पुढच्यापेक्षा आत कापत येते.

आणि गाडी बंद पडली की दोरानं ओढून न्यायची वेळ तर कोणावरही येते. दोर बांधणारे, ओढणारे पुरुष. बंद गाडीच्या स्टिअरिंगवर कोण? "तू नुसती बस गं, काही करायचं नाही," असं म्हणून बायकोला बसवतात. मैत्रिणींनो, तिथे नुसतं बसायचं नसतं. ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूसच हवा, असा नियम आहे. तुमच्याकडे लायसन्स असेल तरच बसा आणि हे ध्यानात ठेवा. किल्ली फिरवून चालू स्थितीत ठेवा, म्हणजे स्टिअरिंगचं कुलूप सुटेल. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक खाली. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग काम करत नाही, हातांना फार जड लागतं. ब्रेकही एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा कडक होतो, तेव्हा पायाचा सगळा जोर लावायची तयारी ठेवा. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत, दोराला लाल फडकं, वेग ताशी वीसच्या आसपास. दोर ढिला पडू देऊ नका, उतारावर हलका ब्रेक तुम्हीच लावायचा. गाडी ऑटोमॅटिक असेल, तर दोराच्या भानगडीत न पडता उचलून नेणारी गाडी बोलवा. बटणानं चालू होणाऱ्या गाडीची बॅटरी उतरली असेल, तर स्टिअरिंगचं कुलूप सुटेलच असं नाही, तेही आधी बघा.

परत आल्यावर एका रविवारी आमच्या महिला मंडळानं शाळेच्या मैदानावर याची तालीमच केली. एकीच्या नवऱ्याची जुनी गाडी, पुढे जीप आणि मध्ये दोर. लायसन्स असलेल्या अकराजणी आळीपाळीनं बसल्या. पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर प्रत्येकीचा चेहरा बघण्यासारखा होत होता. "अगं बाई, हा तर हलतच नाही!" शेवटची फेरी संपवून एक काकू उतरल्या आणि सवयीनं त्यांनी किल्ली काढली.

बाकीच्या दहाजणी एका सुरात ओरडल्या, "काकू, किल्ली!"