मोबाइलची स्मृती

आज स्मार्टफोन हे केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे तिकीट, परीक्षेचा अर्ज, अभ्यासाचे पाठ, रोजगाराची विचारणा आणि दूरच्या आप्तांची खुशाली ही सारी कामे एकाच लहानशा यंत्रावर होऊ लागली आहेत. साहजिकच हे यंत्र मंदावले, की माणसाचे कामही अडते. अशा वेळी अनेक जण एक ठरलेला उपाय करतात. नुकत्याच वापरलेल्या ॲप्सची रांग पडद्यावर उघडायची आणि एकेक ॲप बोटाने सरकवून बंद करायचे. खोली झाडून काढल्याचे समाधान त्यातून मिळते. परंतु या उपायाने फोन खरोखरच वेगवान होतो का? या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी फोन आपली स्मृती कशी वापरतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

स्मृतीचे दोन प्रकार

फोनमध्ये माहिती ठेवण्याच्या जागा मुख्यतः दोन असतात. पहिली जागा कायम साठवणुकीची. तिला आपण स्टोरेज म्हणतो. छायाचित्रे, गाणी, कागदपत्रे आणि उतरवून घेतलेली ॲप्स तेथे राहतात. फोन बंद केला तरी ती नाहीशी होत नाहीत. दुसरी जागा म्हणजे रॅम, अर्थात चालू कामाची स्मृती. फोन या क्षणी जे काम करत आहे, त्याला लागणारी माहिती रॅममध्ये मांडलेली असते. फोन बंद होताच ही स्मृती पुसली जाते.

स्वयंपाकघराच्या दाखल्याने हा फरक चटकन लक्षात येईल. कोठीच्या खोलीत महिन्याचे धान्य भरलेले असते. पण स्वयंपाक होतो तो ओट्यावर. ओट्यावरची वस्तू हाताशी असते, तर कोठीतला डबा उठून आणावा लागतो. कोठी मोठी असते आणि ओटा मात्र लहान असतो. स्टोरेज ही फोनची कोठी आणि रॅम हा त्याचा ओटा होय. फोनच्या खोक्यावर ‘४ जीबी, ६४ जीबी’ असे दोन आकडे छापलेले असतात. त्यांतील लहान आकडा ओट्याचा आणि मोठा आकडा कोठीचा. जुनी छायाचित्रे पुसून टाकल्याने कोठीत जागा होते, पण ओट्यावरची गर्दी त्यामुळे कमी होत नाही.

ही गर्दी नवी नाही. २००७ साली आलेल्या पहिल्या आयफोनची रॅम अवघी १२८ मेगाबाइट होती. २००८ साली अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा पहिला फोन, एचटीसी ड्रीम, बाजारात आला. त्याची रॅम १९२ मेगाबाइट होती. आज ज्यांची रॅम २ ते ४ जीबी आहे, ते फोन साधे समजले जातात. म्हणजे एचटीसी ड्रीमच्या तुलनेत ओटा दहा ते वीस पटींनी वाढला. मात्र ॲप्सही त्याच प्रमाणात अवजड झाली. जागा मर्यादित आणि मागणी अधिक, ही स्थिती कायम राहिली. म्हणूनच या जागेची व्यवस्था पाहणारा कोणीतरी आवश्यक असतो. हे काम फोनची कार्यकारी प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम करते. अँड्रॉइड आणि आयओएस या आजच्या दोन प्रमुख प्रणाली आहेत.

रिकामी जागा की हाताशी असलेले सामान?

रॅम जितकी रिकामी, तितका फोन चपळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. रिकामी पडलेली रॅम कोणतेही काम करत नाही. याउलट, आपण पुन्हा जे ॲप उघडण्याची शक्यता आहे ते रॅममध्ये तयार असेल, तर ते क्षणात समोर येते. म्हणून एखाद्या ॲपमधून आपण बाहेर पडलो, तरी प्रणाली त्याला लगेच हटवत नाही. ते तसेच राखून ठेवते. आपण परत आलो, की जेथे थांबलो होतो तेथूनच काम पुढे सुरू होते.

तेच ॲप आपण सरकवून बंद केले, तर पुढच्या वेळी त्याची सारी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. स्टोरेजमधून आज्ञा वाचायच्या, रॅममध्ये त्या मांडायच्या, चित्रे आणि अक्षरे पुन्हा तयार करायची, गरज पडल्यास इंटरनेटवरून माहिती पुन्हा मागवायची. यात वेळ जातो आणि बॅटरीही अधिक खर्च होते. दर घोटभर पाण्यानंतर तांब्या कोठीत नेऊन ठेवावा आणि तहान लागली की पुन्हा आणावा, तसाच हा प्रकार होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पडद्यावर दिसणारी ॲप्सची रांग ही ‘चालू असलेल्या’ ॲप्सची यादी नसते. ती केवळ ‘अलीकडे वापरलेल्या’ ॲप्सची यादी असते. तिच्यातील काही ॲप्स प्रणालीने केव्हाच रॅममधून काढलेली असतात. त्यांचे शेवटचे चित्र तेवढे मागे राहिलेले असते. ती चित्रे सरकवून टाकल्याने काहीच मोकळे होत नाही.

जागा कोणाला, निरोप कोणाला?

ओटा भरला आणि नवे काम आले, की काही सामान उचलावेच लागते. कोणते उचलायचे, हे प्रणाली एका क्रमाने ठरवते. अँड्रॉइडमध्ये या क्रमाच्या ढोबळमानाने चार पायऱ्या आहेत.

पहिला मान समोर उघडलेल्या ॲपचा. त्याला शक्यतो धक्का लावला जात नाही. दुसऱ्या पायरीवर समोर नसले तरी ज्याचे काम वापरणाऱ्याला जाणवत आहे, असे ॲप असते. गाणी वाजवणारे किंवा रस्ता सांगत राहणारे नकाशाचे ॲप हे त्याचे उदाहरण. अशा ॲपची सूचना पडद्याच्या वरच्या भागात दिसत राहते. तिसऱ्या पायरीवर गुपचूप काही काम उरकणारी ॲप्स असतात. जसे छायाचित्रांची प्रत इंटरनेटवर चढवणारे ॲप. चौथ्या पायरीवर, काहीही न करता केवळ राखून ठेवलेली ॲप्स असतात. जागेची निकड भासली, की निरोप देण्यास सुरुवात होते ती या शेवटच्या पायरीपासून. त्यातही जे ॲप फार दिवसांत उघडलेले नाही, त्याच्यावर सहसा आधी पाळी येते.

अँड्रॉइडमध्ये हे काम करणाऱ्या भागाला ‘लो मेमरी किलर’ म्हणतात. ॲपलच्या आयओएसमध्ये याच कामासाठी ‘जेटसॅम’ नावाची यंत्रणा आहे. वादळात सापडलेले जहाज हलके करण्यासाठी समुद्रात टाकून दिलेला माल, असा या शब्दाचा मूळ अर्थ आहे. नाव किती समर्पक आहे, हे वेगळे सांगायला नको.

ॲपला निरोप देण्यापूर्वी प्रणाली इतरही उपाय करून पाहते. रॅमची विभागणी लहान लहान ‘पानां’मध्ये केलेली असते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असे एक पान ४ किलोबाइटचे असते. जी पाने बराच वेळ लागलेली नाहीत, ती दाबून लहान केली जातात आणि रॅमच्याच एका कोपऱ्यात ठेवली जातात. पसरलेल्या चादरीची घडी घातली, की ती थोड्या जागेत मावते, तसेच हे आहे. या सोयीला ‘झेडरॅम’ म्हणतात. हवी तेव्हा घडी उलगडली जाते. घडी घालण्या-उलगडण्यात थोडे श्रम पडतात, पण ॲप नव्याने उघडण्यापेक्षा ते पुष्कळच कमी असतात.

पार्श्वभूमीवरील कामांना लगाम

रॅममध्ये असणे आणि काम करत असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आयफोनच्या आरंभीच्या काळात बाहेरच्या कंपन्यांच्या ॲप्सना पार्श्वभूमीवर काम करण्याची मुभाच नव्हती. २०१० साली ती मिळाली, तीही ठरावीक कामांपुरती. उरलेल्या वेळी ॲप रॅममध्ये असते, पण निद्रिस्त असते.

अँड्रॉइडने सुरुवातीला ॲप्सना अधिक मोकळीक दिली होती. पुढे तिचा जाच बॅटरीला होऊ लागला, तेव्हा टप्प्याटप्प्याने बंधने आली. २०१५ साली ‘डोझ’, म्हणजे डुलकी, ही सोय आली. फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि फोन बराच वेळ हलला नसेल, तर ॲप्सची कामे रोखून धरली जातात आणि मधूनमधून थोड्या अवधीत एकदम उरकली जातात. २०१७ साली पार्श्वभूमीवर मुक्तपणे चालण्यावर मर्यादा आली. २०१८ साली कोणते ॲप किती वापरले जाते, हे पाहून त्याचे वर्ग पाडण्यास सुरुवात झाली. क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपला कामाची संधीही क्वचितच मिळते.

मग निद्रिस्त ॲपचा संदेश आपल्याला कसा मिळतो? प्रत्येक ॲप जागे राहून संदेशाची वाट पाहत नाही. प्रणाली सर्वांच्या वतीने एकच सामाईक जोडणी चालू ठेवते. वाड्याच्या दारावरचा एकच पहारेकरी सर्व बिऱ्हाडांची टपाले घेतो आणि ज्याचे टपाल त्यालाच उठवतो, तशी ही व्यवस्था आहे.

भरलेला अर्ज कोरा का होतो?

ही सारी व्यवस्था वापरणाऱ्याच्या नकळत चालते. मात्र एका प्रसंगी तिची झळ प्रत्यक्ष पोहोचते. एखादा विद्यार्थी फोनवर परीक्षेचा अर्ज भरत आहे. नाव, पत्ता, विषय असे बरेच रकाने भरून झाले आहेत. आता कागदपत्राचे छायाचित्र हवे, म्हणून तो कॅमेरा उघडतो. परत येऊन पाहतो, तर अर्ज कोरा! दोष आपल्या हातांचा, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात घडलेले असते ते असे: कॅमेऱ्याला पुष्कळ रॅम लागते. तो समोर येताच अर्जाचे पान मागच्या पायरीवर गेले. फोनची रॅम कमी असल्याने प्रणालीने त्याला निरोप दिला. ॲप बनवणाऱ्याने मजकूर वेळोवेळी जतन करण्याची तरतूद केली असती, तर तो वाचला असता. ती नसल्याने श्रम वाया गेले.

प्रणालीला पायरी कळते, महत्त्व कळत नाही. सहज चाळलेले छायाचित्र आणि अर्ध्या तासाच्या श्रमाचा अर्ज, मागे गेले की तिच्या लेखी सारखेच. म्हणून कमी रॅमच्या फोनवर अर्ज भरताना छायाचित्रे व कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. लांब मजकूर प्रथम टिपणवहीच्या ॲपमध्ये लिहून मग अर्जात उतरवावा. ‘जतन करा’ अशी सोय असेल, तर प्रत्येक टप्प्यावर ती वापरावी.

याच्या उलट अडचणही येते. काही कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲप्स फारच कठोरपणे बंद करतात. त्यामुळे औषधाची आठवण देणारे ॲप वेळेवर वाजत नाही किंवा कामाचा संदेश उशिरा येतो. अशा मोजक्या ॲप्सना सेटिंग्जमधील बॅटरीच्या विभागात जाऊन निर्बंधातून सूट देता येते. एखादे ॲप ‘सक्तीने थांबवले’, तर ते पुन्हा उघडेपर्यंत त्याचे संदेश सहसा येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

फसवे उपाय आणि खरे उपाय

‘एका स्पर्शात रॅम मोकळी करा’ असे सांगणारी अनेक ॲप्स मिळतात. ती इतर ॲप्स बंद करतात. त्यांतील काही थोड्याच वेळात पुन्हा सुरू होतात आणि तेच चक्र चालू राहते. शिवाय हे सफाईचे ॲप स्वतःही रॅम व्यापते आणि जाहिराती दाखवते. २०२३ साली आलेल्या अँड्रॉइड १४ पासून तर सामान्य ॲपला दुसऱ्या ॲप्सची पार्श्वभूमीवरील कामे बंद करताच येत नाहीत. तेव्हा अशा आश्वासनांवर विश्वास ठेवू नये.

फोन घेतानाही सावध असावे. ‘४ अधिक ४ जीबी रॅम’ अशी जाहिरात असेल, तर त्यातील दुसरे ४ जीबी ही खरी रॅम नसून स्टोरेजमधील राखून ठेवलेली जागा असते. कोठीत एक फळी टाकून तिला ओटा म्हणावे, असा हा प्रकार आहे. स्टोरेज रॅमपेक्षा पुष्कळ मंद असते.

मग ॲप कधीच बंद करू नये काय? तसे नाही. ॲप अडकून पडले, प्रतिसाद देईनासे झाले किंवा त्याच्यामुळे फोन तापू लागला, तर ते अवश्य बंद करावे. प्रवास संपल्यावर नकाशाचे मार्गदर्शन थांबवावे. फोन एकंदरीत मंदावला असेल, तर तो एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. जी ॲप्स महिनोन्‌महिने उघडलेली नाहीत, ती काढून टाकावीत. स्टोरेज काठोकाठ भरू देऊ नये, कारण त्यानेही फोन मंदावतो.

थोडक्यात, रॅममध्ये जागा करण्याचे काम प्रणालीवर सोपवावे. तिला ते आपल्यापेक्षा चांगले जमते. आपल्या दृष्टीने काय मोलाचे आहे, हे मात्र तिला ठाऊक नसते. ते जपण्याचे काम आपले आहे. एवढा भेद ज्याला कळला, त्याचा साधा फोनही अधिक उपयोगी पडेल आणि नवा फोन घेण्याचा खर्च कदाचित एखादे वर्ष पुढे ढकलता येईल.