माणूस नेमका कुठून सुरू होतो?

चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रं असतात. माणसाच्या पेशीत ४६. मग एक जोडी गेली कुठे? इतकी जनुकं गमावून जीव तगणं अवघड. तेव्हा ती जोडी हरवली नसून दुसरीला चिकटली असणार, असा तर्क होता. १९९१ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांना त्या सांध्याची खूण सापडली.

गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टी-टी-ए-जी-जी-जी ही सहा अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात मात्र हा टोकाचा मजकूर आतल्या भागात आढळला, तोही एका जागी दिशा उलटलेला. दोन टोकं समोरासमोर जुळल्याशिवाय असं होत नाही. याच गुणसूत्रावर निकामी झालेल्या दुसऱ्या गुणसूत्रबिंदूचे अवशेषही आहेत.

मानवी जीनोम प्रकल्पाचे नेतृत्व करणारे फ्रान्सिस कॉलिन्स श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत. ‘द लँग्वेज ऑफ गॉड’ या २००६ सालच्या पुस्तकात त्यांनी हा पुरावा मान्य करूनच आपली श्रद्धा मांडली. बायबल शब्दशः मानणाऱ्या अनेकांना ते पटत नाही. पण बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातही माणसाला सृष्टीनिर्मितीचा स्वतंत्र दिवस मिळालेला नाही. गुरंढोरं, सरपटणारे जीव आणि माणूस, सगळे सहाव्याच दिवशीचे. माणूस मातीतून घडला, असंही तिथे आहे. त्याचं वेगळेपण सांगितलंय ते देवाचं प्रतिरूप म्हणून, शरीराच्या घडणीवरून नव्हे.

म्हणूनच कॅथलिक चर्चला वानरांशी असलेलं नातं तितकंसं अडचणीचं वाटलं नाही. मानवी शरीर आधीच्या सजीवांपासून आलं का, यावर अभ्यासकांनी चर्चा करायला हरकत नाही. आत्मा मात्र थेट देवाकडून येतो, अशी भूमिका पोप बारावे पायस यांनी १९५० साली घेतली. उत्क्रांती हे निव्वळ गृहीतक उरलेलं नाही, असं पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ साली म्हटलं.

खरी गाठ आदाम-हव्वेपाशी आहे. मूळ पापाची शिकवण पहिल्या आईबापांवर उभी असल्याने ‘अनेक आदिपूर्वज’ ही कल्पना पायस यांनी श्रद्धावंतांसाठी खुली ठेवली नाही. आजच्या माणसांतली जनुकीय विविधता मात्र वेगळं सांगते. गेल्या काही लाख वर्षांत आपले पूर्वज फक्त एका जोडप्यापुरते उरले होते, असं तिच्यावरून दिसत नाही. यावर काही धर्मतज्ज्ञ आदामाला साऱ्या मानवजातीचं प्रतीक मानतात, तर काही अनेकांमधून देवाने निवडलेला एक.

मग गुणसूत्रांचा तो सांधा म्हणजेच माणसाची सुरुवात का? तसंही म्हणता येत नाही. ज्याच्यात तो प्रथम घडला, त्याच्या पेशीत बहुधा ४७ गुणसूत्रं होती. आईबाप, भावंडं ४८ वाली. त्या जीवाला आपण वेगळे आहोत याचा पत्ताही नसेल. शिवाय हाच सांधा नामशेष झालेल्या डेनिसोव्हा मानवाच्या जीनोममध्येही सापडला आहे, म्हणजे तो आपल्या एकट्याचा नाही. उत्क्रांतीत प्रत्येक पिढी आपल्या आईबापांच्याच जातीची असते. अलीकडे माणूस आणि पलीकडे प्राणी, अशी रेघ उत्क्रांतीला कुठेच ओढता येत नाही. ख्रिस्ती धर्माला मात्र ती रेघ हवी आहे, कारण देवासमोर जबाबदार ठरणारा कुणीतरी पहिला असावाच लागतो.