पाटणची त्रुटी आणि यानाचे घड्याळ

चाळीसगावहून पाटणादेवीला जाणारे बहुतेक लोक दर्शन घेतात, पावसाळा असेल तर धबधबा पाहतात आणि परततात. या पाटणला एके काळी मठ होता आणि तिथे शिकवले जायचे ते गणित. भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून तो काढला. इ.स. १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखात तशी नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. मठाला कोणी काय द्यायचे, याचा तो चोख हिशेब.

त्या मठात शिकवल्या जाणाऱ्या 'सिद्धान्तशिरोमणि'त कालमापनाचे कोष्टक आहे. दिवसाच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका २४ मिनिटांची. बुडाला छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्यात सोडायचे, ते भरून बुडाले की घटिका भरली. पण भास्कराचार्य खाली उतरत जातात: निमिषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. आजच्या मापाने एक त्रुटी म्हणजे सेकंदाचे सुमारे ३० दशलक्षांश. घटिकापात्राने हे मोजणे अर्थातच अशक्य होते. हे निव्वळ गणिती विभाजन. 'पूर्वजांकडे सगळेच होते' असली टाळी इथे वाजवायला नको.

तरी ती त्रुटी आजच्या कामाची आहे, कारण तेवढ्या वेळात प्रकाश जवळजवळ नऊ किलोमीटर जातो. मोबाइलवरचा नकाशा उपग्रहांच्या रेडिओ संदेशाला (तोही प्रकाशाच्याच वेगाने येतो) पोहोचायला किती वेळ लागला, यावरून आपली जागा ठरवतो. उपग्रहाचे घड्याळ एका त्रुटीने चुकले, तर धुळ्याच्या बसस्थानकावर उभा असलेला माणूस शहराबाहेर कुठेतरी दिसेल. म्हणून हिशेब नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशांचा असतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो. शिवाय सापेक्षतेच्या नियमांमुळे जीपीएस उपग्रहावरचे घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ३८ दशलक्षांश, पुढे जाते. त्रुटीहूनही मोठा हा फरक आधीच दुरुस्त करावा लागतो.

इतकी अचूकता अणूंकडून मिळते. रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ६८३ कोटी आवर्तनांच्या ठरावीक सूक्ष्मलहरीलाच प्रतिसाद देतो. ही लहर घड्याळातल्या क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवरून तयार होते; तो जरा भरकटला की हा प्रतिसाद मंदावतो, आणि त्यावरून स्फटिक पुन्हा ताळ्यावर आणला जातो.

अशी घड्याळे बंद पडण्याचा चटका भारताने सोसला आहे. जुलै २०१३ मध्ये सोडलेल्या आयआरएनएसएस-१ए या दिशादर्शक उपग्रहावरची तिन्ही आयात रुबिडियम घड्याळे २०१६ मध्ये बंद पडली. उपग्रह कक्षेत होता, पण ज्यासाठी पाठवला ते काम त्याच्याकडून होईना. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांनाही घड्याळांनी असाच दगा दिला. मग अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने देशी रुबिडियम घड्याळ बनवले आणि २९ मे २०२३ रोजी ते एनव्हीएस-०१ या उपग्रहासोबत वर गेले. रॉकेट उडताना आपण टाळ्या वाजवतो. माझ्या मते या घड्याळाचे यश त्याहून लहान नाही.

दूरच्या यानांची अडचण वेगळी आहे. यान कुठे आहे हे आजही मुख्यतः पृथ्वीच ठरवते. बंगळुरूजवळच्या ब्यालालूसारख्या केंद्रातून संदेश जातो, यान तो परत पाठवते आणि जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर निघते. दरीत हाक मारून प्रतिध्वनीची वाट पाहावी, तसाच हा प्रकार. मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले तेव्हा संदेश एका बाजूने पोहोचायलाच सुमारे साडेबारा मिनिटे लागत होती, म्हणून इंजिन चालवण्याच्या आज्ञा यानात आधीच भरून ठेवल्या होत्या. यानावरच भरवशाचे घड्याळ असेल, तर पृथ्वीचा एकेरी संदेश पुरतो. यान आपले स्थान स्वतः काढते आणि पृथ्वीवरची अँटेनाची एकच तबकडी एकाच वेळी अनेक यानांच्या उपयोगी पडते.

नासाने जून २०१९ मध्ये त्यासाठी टोस्टरएवढे पाऱ्याचे घड्याळ पृथ्वीच्या कक्षेत पाठवले आणि २०२१ पर्यंत चालवले. रुबिडियमचे अणू बंद कुपीत असतात, तिच्या भिंतींचा आणि आतल्या वायूचा परिणाम त्यांच्यावर होत राहतो. इथे पाऱ्याचे विद्युतभारित अणू विद्युतक्षेत्रात तरंगत ठेवले होते, भिंतीला न टेकता. म्हणून वीस दिवसांहून अधिक काळानंतरही त्याची चूक चार नॅनोसेकंदांच्या आत राहिली. अंतरात मोजली तर जेमतेम सव्वा मीटर.

खोल अंतराळासाठी असे घड्याळ आपल्यालाही लागेल. अणुभौतिकी, सूक्ष्मलहरी आणि इलेक्ट्रॉनिक्स या तिन्ही गोष्टी ते मागते, आणि तिन्हींचा पाया पदवीच्या वर्गात घातला जातो. जळगाव-धुळ्यात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी करिअरच्या यादीत 'काळाचे मापन' हा विषयही धरावा. त्यात माणसे कमी आहेत आणि काम पुष्कळ आहे.