गुडघ्याची गोळी पोटात

डोके दुखले, घ्या गोळी. कंबर धरली, घ्या गोळी. आणि ती देणारे डॉक्टर कोण, तर शेजारच्या वहिनी! गिरगावातल्या माझ्या दवाखान्यात अशा गोळ्यांनी पोट पोळलेली माणसे वरचेवर येतात.

या गोळ्यांचा मूळ पुरुष म्हणजे ॲस्पिरिन. १८९९ साली जर्मनीतल्या बायर कंपनीने ती बाजारात आणली. १९३८ मध्ये लंडनच्या डौथवेट आणि लिंटॉट या डॉक्टरांनी नळीवाटे जठरात डोकावून पाहिले, तो ॲस्पिरिनने आतले अस्तर लाल झालेले!

जठरातले आम्ल मोठे जहाल. त्यापासून खुद्द जठराला वाचवतो तो आतला चिकट लेप, आणि हा लेप टिकतो प्रोस्टॅग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे. गंमत अशी, की सांधा सुजतो, ठणकतो, त्यातही याच कुळीचा हात! ॲस्पिरिन ही द्रव्ये तयारच होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवले. १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांचीही रीत तीच. गुडघा निवतो आणि जठर उघडे पडते. म्हणून ‘जेवून घेतली की झाले’ हे पुरेसे नाही. इंजेक्शनही रक्तावाटे तेच करते.

परवा अडुसष्ट वर्षांच्या एक माई आल्या. जिना चढताना दम लागे, म्हणून मुलाने आणलेल्या.

“माई, पोटात दुखतं?”

“छे हो डॉक्टर, पोटाची काही तक्रार नाही.”

“शौचाला काळं होतं का?”

“होतं की, डांबरासारखं. जांभळं खाल्ली ना!”

हिमोग्लोबिन निघाले सहा. दुर्बिणीने पाहिले तर जठरात पाझरणारा व्रण. वेदना मारणारी गोळी व्रणाचीही वेदना दडपते, त्यामुळे कित्येकदा काळे शौच हीच पहिली वर्दी असते. माई सकाळी हृदयासाठी बारीक ॲस्पिरिन घेत आणि वर दोन वेळा डायक्लोफेनॅक! ही जोडी फार वाईट. त्यात वय साठीपलीकडचे असले, पूर्वी व्रण झालेला असला किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असले, की धोका आणखी वाढतो. डायक्लोफेनॅकची चिठ्ठी मी मागून घेतली. दुसऱ्या कुणा डॉक्टरांची, तीन वर्षांपूर्वीची, दहा दिवसांपुरती!

माईंना रक्त चढवावे लागले, मग आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या. गुडघ्याला आता शेक आणि बेताचे पॅरासिटामॉल. ते जठराला पुष्कळच सौम्य. हृदयाची ॲस्पिरिन मात्र आपल्या मनाने कुणी बंद करू नये. माईंची ती हृदयाच्या डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू झाली, सोबत आम्लाची गोळी ठेवून.