डोळ्यांपुढे तरंगणारे ठिपके

वसई तालुक्यातील राजोडीच्या किनाऱ्यावर उजळ आकाशाकडे पाहताना डोळ्यांपुढे काळे ठिपके किंवा तंतू तरंगू लागले, की वाऱ्याने डोळ्यात रेती गेली असे गृहीत धरून डोळा चोळला जातो, धुतला जातो आणि तेवढ्याने भागले नाही तर त्यात गुलाबपाणी किंवा मधही घातला जातो. या उपचाराला कसलाही आधार नाही, तरी तो वर्षानुवर्षे सांगितला जातो. रेतीचा कण खुपतो आणि डोळ्यातून पाणी काढतो. तरंगणारा ठिपका खुपत नाही, धुतल्याने जात नाही आणि नजर स्थिरावल्यावरही क्षणभर वाहत राहतो, कारण तो डोळ्याच्या आत असतो.

नेत्रभिंग आणि दृष्टिपटल, म्हणजे प्रतिमा ग्रहण करणारा मागचा पडदा, यांच्यामधील पोकळी काचाभ द्रव या पारदर्शक, जेलीसारख्या पदार्थाने भरलेली असते; तो सुमारे ४ मिलिलिटर असून बहुतांशी पाणीच असतो, आणि कोलॅजनचे सूक्ष्म धागे त्याला घट्टपणा देतात. वयाबरोबर, आणि लघुदृष्टी असलेल्यांत त्याहून लवकर, ही जेली पातळ होते, धाग्यांचे पुंजके बनतात व त्यांची सावली दृष्टिपटलावर पडते. भर उजेडात बाहुली आकसल्याने ही सावली रेखीव होते आणि एकरंगी आकाशावर ती उठून दिसते.

घरगुती थेंबांचा उपयोग होत नाहीच, पण त्यांपायी वेळ दवडणे ही त्याहून गंभीर बाब आहे. उतारवयात काचाभ द्रव दृष्टिपटलापासून सुटतो. बहुतेकांत त्याने अपाय होत नाही, परंतु काहींत दृष्टिपटलाला चीर पडते. ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातील २००९ च्या आढाव्यानुसार, अचानक ठिपके किंवा लखलखाट दिसू लागल्याने नेत्रतज्ज्ञांकडे आलेल्या रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांत अशी चीर आढळते. म्हणून ठिपक्यांची एकाएकी गर्दी झाली, वीज चमकल्यासारखे दिसले किंवा नजरेच्या कडेने पडदा सरकू लागला, तर त्याच दिवशी बाहुली विस्फारून तपासणी करून घ्यावी; चीर वेळीच सापडल्यास लेसरने भागते, दृष्टिपटल सुटल्यावर मात्र शस्त्रक्रिया करावी लागते. मधुमेहींत असे ठिपके डोळ्यातील रक्तस्रावाचेही असू शकतात.

मोबाइलमुळे ठिपके निर्माण होत नाहीत, त्याच्या पांढऱ्या पडद्यावर ते फक्त जाणवतात. अननसाने ते विरघळतात हा दावा तैवानमधील २०१९ च्या एका प्रयोगावर उभा आहे, आणि त्या प्रयोगात तुलनेसाठी अननसाविना ठेवलेला गटच नव्हता. ठिपके ही मोतीबिंदूची सुरुवातही नव्हे, कारण मोतीबिंदू भिंगात होतो. उलट ठिपके फारच त्रासदायक ठरल्यास काचाभ द्रव काढून टाकण्याची जी शस्त्रक्रिया क्वचित केली जाते, तिच्यानंतर मोतीबिंदू लवकर वाढतो.