विज्ञान प्रकल्प करा, पण जंतू घरात वाढवू नका

शाळेत विज्ञान प्रदर्शनाची सूचना लागली की घरात धावपळ सुरू होते. मोबाइलवर व्हिडिओ बघून मूल म्हणते, "आई, मोरीतल्या पाण्याचे, दाराच्या कडीचे जंतू बशीत वाढवून दाखवायचेत." विषय चांगला आहे. वस्तीतल्या मुलाला पाण्याविषयी प्रश्न पडावा यात नवल ते काय? पण हा प्रयोग घरात करायचा नाही.

कडीवरचे थोडे जंतू हाताला लागले तर शरीर बहुधा त्यांना आवरते. तेच जंतू खाद्य घातलेल्या बशीत उबेला ठेवले की गोष्ट बदलते. काही जंतू अनुकूल उबेत दर 20 मिनिटांनी दुप्पट होतात. म्हणजे सात तासांत एकाचे 20 लाखांहून जास्त! त्यांतले कोणते साधे आणि कोणते जुलाबाचे, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मोरीच्या पाण्यात टायफॉइडचेही असू शकतात. आपले घर एका खोलीचे. तिथेच स्वयंपाक, तिथेच झोळीतले बाळ. बशी सांडली तर?

मोठ्या स्पर्धांचे नियमही हेच सांगतात. अमेरिकेत दर वर्षी मे महिन्यात रिजेनेरॉन आयसेफ हे शालेय मुलांचे आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रदर्शन भरते. आपल्याकडच्या आयरिस स्पर्धेतून निवडलेली मुले तिथे जातात. पाण्यातून, मातीतून, अंगावरून, कुठूनही घेतलेला जंतू धोक्याचा असू शकतो असे तिथे धरूनच चालतात. तो घरात वाढवायला मनाई आहे. योग्य प्रयोगशाळेत, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली आणि समितीची मंजुरी आधी घेऊनच असे काम करता येते. 'आधी' हा शब्द महत्त्वाचा. काम झाल्यावर आणलेली सही चालत नाही, आणि हुशार मुलाची वर्षभराची मेहनत एवढ्यावरून बाद होऊ शकते. बाकीच्या अटी सोप्या आहेत : नववी ते बारावीचा विद्यार्थी, वयाची 20 वर्षे पूर्ण झालेली नसावीत, गटात जास्तीत जास्त तिघे.

सहावीपासूनच्या मुलांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर-मानक योजना आहे. तिच्यात कल्पना शाळेमार्फतच पाठवावी लागते. निवड झाल्यास 10,000 रुपये मुलाच्या बँक खात्यात येतात. शाळेने नाव पाठवले की नाही, हे पालकांनी जाऊन विचारावे. लाजू नये.

मग पाण्यावर प्रकल्प करायचाच नाही का? जरूर करावा. पाण्यातले दूषण दाखवणारी तयार बाटली मिळते. तिच्यात पाणी भरून झाकण लावायचे. पाणी दूषित असेल तर एक-दोन दिवसांत काळे पडते. रंग बदलणाऱ्या अशा संचांना आयसेफच्या नियमांतही सवलत आहे, मात्र झाकण पुन्हा उघडायचे नाही आणि विल्हेवाट नीट लावायची. हे काम शाळेतच, शिक्षकांसमोर करावे. त्याहून सोपी क्लोरीनची तपासणी. नळाच्या पाण्यात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक आहे. वस्तीच्या पहिल्या नळाला किती आणि शेवटच्या नळाला किती, एवढे महिनाभर नोंदवले तरी उत्तम प्रकल्प होतो. नगरसेवकालाही तो दाखवता येईल! पावावरच्या बुरशीचा प्रयोग चालतो, पण पहिला ठिपका दिसताच तो थांबवायचा.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना आजार विचारत फिरण्याआधीही थांबा. माणसांवरचा प्रकल्प, मग ती साधी प्रश्नावली का असेना, आधी तपासून घ्यावा लागतो. कुणावर सक्ती नको, आणि कुणाला क्षयरोग आहे हे नावासकट तक्त्यावर तर मुळीच नको. कुणाचे बोट टोचून रक्त घेणे मुलांनी करूच नये.

आणि प्रदर्शनाच्या दिवशी? आयसेफच्या मांडणीत जिवंत जंतू, माती, खाण्याचे पदार्थ, रसायने काहीच ठेवू देत नाहीत. फोटो, वही आणि तक्ते चालतात. म्हणून प्रयोग सुरू असतानाच रोज एक फोटो काढून ठेवा आणि वहीत तारखेसह नोंद करा.